हायबरनेशननंतर फाइल सिस्टिम बिघडू नये म्हणून: नवख्यांसाठी मार्गदर्शक

हायबरनेट केलेला, म्हणजे चालू काम डिस्कवर उतरवून झोपवलेला, संगणक बाहेरून पाहिला तर पूर्ण बंद असतो. पंखा थांबलेला, दिवे विझलेले, वीज काढून घेतली तरी फरक पडत नाही. डिस्कवरच्या फाइल सिस्टिमच्या, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याचा हिशोब ठेवणाऱ्या रचनेच्या, दृष्टीने मात्र तो बंद झालेलाच नसतो. पार्टिशनं (डिस्कचे भाग) अजून माउंट, म्हणजे वापरासाठी जोडलेली, आहेत, फायली उघड्या आहेत, काम मध्येच थांबलं आहे. हे लक्षात न आल्यामुळेच डेटा जातो. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणारे, बाहेरची हार्ड डिस्क दोन संगणकांत फिरवणारे आणि लिनक्सवर नव्याने हायबरनेशन चालू करणारे, या तिघांना धोका सर्वांत जास्त.

एक सूचना आधीच. या लेखात आज्ञा आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

नेमकं बिघडतं काय

चालू संगणकात कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, प्रत्येक माउंट केलेल्या पार्टिशनचा नकाशा रॅममध्ये बाळगतो. कोणते ब्लॉक मोकळे आहेत, कोणत्या फोल्डरमध्ये कोणती फाइल आहे, जर्नल (डिस्कवरच्या बदलांची नोंदवही) कुठपर्यंत लिहून झालं आहे, हे सगळं त्यात असतं. हायबरनेट करताना रॅममधला मजकूर या नकाशासकट डिस्कवर उतरवला जातो. विंडोजमध्ये तो सी ड्राइव्हवरच्या ‘हायबरफिल डॉट सिस’ या लपवलेल्या फायलीत जातो, लिनक्समध्ये स्वॅप पार्टिशनवर किंवा स्वॅप फायलीत (स्वॅप म्हणजे रॅमला पूरक म्हणून डिस्कवर राखलेली जागा). संगणक पुन्हा सुरू झाला की तोच नकाशा जसाच्या तसा रॅममध्ये परत येतो आणि कर्नल त्यावर पूर्ण विश्वास ठेवतो. मधल्या काळात डिस्कवर काही बदललं का, हे तो तपासत नाही.

समजा, हायबरनेट होताना नकाशात ५००० क्रमांकाचा ब्लॉक मोकळा होता. मग तुम्ही दुसरी सिस्टिम बूट केली, तेच पार्टिशन उघडलं आणि एक फोटो ठेवला. तो नेमका ५००० वर बसला. आता पहिली सिस्टिम उठवली, तर तिच्या लेखी तो ब्लॉक अजूनही मोकळाच. ती स्वतःची फाइल तिथे लिहिते आणि फोटो जातो. फोटोपुरतंच असतं तर निभावलं असतं. फोल्डरच्या याद्या आणि मोकळ्या जागेच्या नोंदीही अशाच अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या होऊन बसतात. इथे जर्नलही वाचवत नाही. अर्धवट राहिलेलं लेखन सावरणं एवढंच जर्नलचं काम. एकाच डिस्कवर दोन कर्नल आपापल्या समजुतीने लिहू लागले, तर ते त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

नुकसान लगेच दिसतही नाही. कॅशमध्ये, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यात, असलेल्या फायली ठीक उघडतात. काही दिवसांनी कॅश रिकामी झाली, प्रत्यक्ष डिस्कवरून वाचायची वेळ आली, की एकेक फोल्डर उघडेनासा होतो.

म्हणून दोनच वाटा सुरक्षित आहेत. पहिली, डिस्कला हात न लावता तीच सिस्टिम उठवायची. दुसरी, हायबरनेशनची इमेज (डिस्कवर उतरवलेली रॅमची प्रत) कायमची टाकून द्यायची आणि मगच डिस्क वापरायची. इमेज टाकून दिली तर नुकसान अचानक वीज गेल्याइतकंच होतं. सेव्ह न केलेलं काम जातं, पण लिनक्स हायबरनेट होण्यापूर्वी साठलेलं लेखन डिस्कवर उतरवून घेतं आणि उरलेलं जर्नल सावरतं. डिस्क वापरायची आणि नंतर जुनी इमेज उठवायची, ही तिसरी वाट म्हणजे डेटाचा नाश. पुढचं सगळं त्या तिसऱ्या वाटेवर चुकूनही पाऊल पडू नये यासाठी आहे.

‘फक्त वाचण्यासाठी’ उघडणंही सुरक्षित नाही

हा गैरसमज फार जणांना महागात पडतो. ईएक्सटी४ (लिनक्सची एक प्रचलित फाइल सिस्टिम) पार्टिशन रीड-ओन्ली माउंट केलं, तरी जर्नलमध्ये काही बाकी असेल तर लिनक्स आधी जर्नल पुन्हा चालवतो, म्हणजे डिस्कवर लिहितो. फाइल मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या चिन्हावर क्लिक केलं तर ते बहुधा थेट लिहिण्याच्या परवानगीसह माउंट होतं. तेव्हा झोपलेल्या सिस्टिमच्या ड्राइव्हवर ‘बघू तरी काय आहे’ म्हणून क्लिक करू नका.

एखादी फाइल तातडीने हवीच असेल तर क्रम असा. आधी ‘ब्लॉकडेव्ह’ आज्ञेला ‘सेटआरओ’ हा पर्याय देऊन ते संपूर्ण पार्टिशन कर्नलच्या पातळीवर रीड-ओन्ली करा. मग ईएक्सटी३ किंवा ईएक्सटी४ असेल तर माउंट करताना ‘आरओ’ आणि ‘नोलोड’ हे दोन्ही पर्याय द्या. एक्सएफएस (लिनक्सचीच दुसरी फाइल सिस्टिम) असेल तर ‘आरओ’ आणि ‘नोरिकव्हरी’. जर्नल न चालवता माउंट केल्यामुळे अगदी ताज्या फायली अर्धवट दिसू शकतात. कॉपी काढा, लगेच अनमाउंट करा.

विंडोज: ‘शट डाउन’ म्हणजे बंद नव्हे

विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. शट डाउन म्हटल्यावर विंडोज वापरकर्त्याला लॉगआउट करतं, पण स्वतःचा कर्नल बंद न करता हायबरनेट करून ठेवतं. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कधी ‘हायबरनेट’ हे बटण दाबलेलं नाही, त्यांच्याही डिस्कवर झोपलेली सिस्टिम असू शकते. गंमत नव्हे, पण ‘रीस्टार्ट’ केलं तर विंडोज पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होतं आणि ‘शट डाउन’ केलं तर होत नाही. ड्युअल बूट करणाऱ्यांनी सगळ्यात आधी ही सोय बंद करावी.

१. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. डावीकडच्या ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ वर जा.

२. वरच्या बाजूला ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ असा दुवा असतो. तो दाबल्याशिवाय खालचे चौकोन बदलता येत नाहीत.

३. ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ समोरची खूण काढा आणि सेव्ह करा.

४. हायबरनेशन मुळीच नको असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ’ ही आज्ञा द्या. पहिला शब्द सलग लिहायचा, ‘स्लॅश’च्या जागी तिरकी रेघ. यामुळे हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात, शिवाय हायबरफिल डॉट सिस पुसली जाऊन बरीच जागा मोकळी होते.

५. ‘पॉवरसीएफजी स्लॅश ए’ देऊन खात्री करा. कोणत्या झोपेच्या अवस्था उपलब्ध आहेत आणि कोणत्या नाहीत, याची यादी येते. चौथी पायरी केली असेल तर फास्ट स्टार्टअप आता उपलब्ध नसलेल्यांत दिसायला हवा.

विंडोजचं मोठं अपडेट झालं की ही पाचवी पायरी पुन्हा करा. सेटिंग बदलता येत नसेल, मशीन कार्यालयाचं असेल, तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन निवडा. त्या वेळेपुरतं विंडोज पूर्ण बंद होतं.

एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम. लिनक्समध्ये विंडोजचा ड्राइव्ह उघडताना एनटीएफएस-३जी ड्रायव्हर हायबरफिल तपासतो आणि विंडोज झोपलेलं दिसलं तर लिहिण्याच्या परवानगीसह माउंट करायला नकार देतो. कर्नलमधला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर, जो लिनक्स ५.१५ पासून आला, तोही ‘डर्टी’ (नीट बंद न झाल्याची) खूण असलेला ड्राइव्ह ‘फोर्स’ पर्यायाशिवाय घेत नाही. हा नकार तुमच्या भल्याचा आहे. इंटरनेटवर लगेच ‘एनटीएफएसफिक्स चालवा’, ‘फोर्स द्या’, ‘रिमूव्ह हायबरफाइल पर्याय द्या’ असे सल्ले मिळतात. योग्य उपाय एकच: विंडोज बूट करा, शिफ्टसह शट डाउन करा, परत या. विंडोज मुळात सुरूच होत नसेल, तेव्हा रिमूव्ह हायबरफाइल वापरणं रास्त आहे, कारण ती वर सांगितलेली दुसरी वाट झाली. इमेज गेली, पण ती पुन्हा उठण्याचा धोकाही गेला.

लिनक्सवर हायबरनेशन लावताना

आधी जागा. ‘फ्री’ आज्ञेने रॅम आणि ‘स्वॅपऑन’ला ‘शो’ पर्याय देऊन स्वॅप किती आहे ते पाहा. यादीत फक्त झीरॅम दिसत असेल तर ते चालणार नाही. झीरॅम स्वतःच रॅममध्ये असतं, वीज गेली की नाहीसं होतं. कर्नल इमेज रॅमच्या साधारण दोन-पंचमांश आकारात बसवायचा प्रयत्न करतो आणि ती दाबून लिहितो, पण त्या भरवशावर स्वॅप छोटं ठेवू नका. १६ जीबी रॅमला १६ जीबी स्वॅप ठेवा. रोजच्या कामात स्वॅप वापरलं जात असेल तर त्याहून जास्त. जागा अपुरी पडली तर हायबरनेशन फसतं आणि संगणक जागाच राहतो. झाकण लावून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप मग बॅटरी संपेपर्यंत चालून अवचित बंद पडतो.

मग पत्ता. इमेज कुठे शोधायची हे कर्नलला ‘रेझ्युम’ या पॅरामीटरने सांगायचं असतं. त्यात स्वॅप पार्टिशनचा यूयूआयडी (न बदलणारा ओळखक्रमांक) द्या. डिव्हाइसचं एसडीए, एसडीबी असं नाव देऊ नका, ते डिस्क लावण्याच्या क्रमाने बदलू शकतं. स्वॅप फाइल वापरत असाल तर ती ज्या फाइल सिस्टिमवर आहे तिचा यूयूआयडी आणि जोडीला ‘रेझ्युम ऑफसेट’. ईएक्सटी४ वर हा आकडा ‘फाइलफ्रॅग’ आज्ञेच्या पहिल्या ओळीतल्या फिजिकल ऑफसेटमधून मिळतो. बीटीआरएफएसवर (आणखी एक लिनक्स फाइल सिस्टिम) फाइलफ्रॅगचा आकडा चुकीचा ठरतो. तिथे ‘बीटीआरएफएस इन्स्पेक्ट-इंटर्नल मॅप-स्वॅपफाइल’ हीच आज्ञा वापरा. स्वॅप फाइल पुसून नव्याने केली की ऑफसेट बदलतो, तेव्हा तो पुन्हा काढायचा. ग्रब (सिस्टिम बूट करून देणारा प्रोग्राम) वापरत असाल तर हे सगळं डीफॉल्ट ग्रब फायलीत कर्नलच्या ओळीत लिहून ‘अपडेट-ग्रब’ किंवा तुमच्या वितरणातली समान आज्ञा चालवा.

तिसरी गोष्ट क्रमाची, आणि फाइल सिस्टिमच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. इनिट-रॅम-एफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला रॅममधून चालणारी छोटी सिस्टिम) इमेज शोधण्याचं काम रूट, म्हणजे मुख्य सिस्टिमचं, पार्टिशन माउंट होण्याच्या आणि त्याची तपासणी होण्याच्या आधी झालं पाहिजे. आधी माउंट, मग रेझ्युम असा उलटा क्रम झाला तर संगणक प्रत्येक वेळी स्वतःच स्वतःची डिस्क बिघडवेल. आर्च लिनक्समध्ये एमके-इनिट-सीपीआयओच्या हुक्समध्ये (बूटच्या पायऱ्यांच्या यादीत) ‘रेझ्युम’ हा हुक ‘यूडेव्ह’च्या नंतर आणि ‘फाइलसिस्टिम्स’च्या आधी ठेवा. एलव्हीएम (पार्टिशनं लवचिकपणे हाताळणारी सोय) किंवा एन्क्रिप्शन असेल तर त्यांच्या हुकनंतर. सिस्टिमडीचा (लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणारी व्यवस्था) हुक वापरत असाल तर वेगळा रेझ्युम हुक लागत नाही. डेबियन, उबुंटूत क्रम तयारच असतो. तिथे इनिट-रॅम-एफएस-टूल्सच्या कॉन्फ-डी फोल्डरमधल्या ‘रेझ्युम’ फायलीतला यूयूआयडी बरोबर आहे ना, ते पाहून इनिट-रॅम-एफएस पुन्हा बांधा.

स्वॅप दर बूटला नव्या यादृच्छिक किल्लीने एन्क्रिप्ट होत असेल तर हायबरनेशन शक्य नाही, कारण उठताना जुनी किल्लीच उरलेली नसते. सिक्युअर बूटमुळे कर्नल लॉकडाऊनमध्ये (सुरक्षेसाठी काही कामं रोखणाऱ्या अवस्थेत) असेल तरीही हायबरनेट नाकारलं जातं. हे दोन्ही अडथळे जबरदस्तीने ओलांडण्यापेक्षा साधी स्लीप वापरलेली बरी.

चाचणी बॅकअप घेतल्यानंतरच करा. टेक्स्ट एडिटरमध्ये चार ओळी लिहा, सेव्ह करू नका, ‘सिस्टिमसीटीएल हायबरनेट’ द्या. संगणक सुरू केल्यावर त्या ओळी तशाच दिसल्या तर इमेज उठली. ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या संदेशांची यादी) फाइल सिस्टिमच्या चुका नाहीत ना, तेही पाहा. असं तीन-चार वेळा करून मगच विश्वास ठेवा. आणि कर्नलचं अपडेट झालं असेल तर आधी पूर्ण रीस्टार्ट, मग हायबरनेट.

सामायिक पार्टिशन, पेनड्राइव्ह, कार्ड

खरा घात इथे होतो. विंडोजची हायबरफिल सी ड्राइव्हवर असते, डी ड्राइव्हवर नसते. डी एनटीएफएस असेल तर निदान त्याच्या लॉगवरून ड्रायव्हरला संशय येऊ शकतो. एक्सफॅट किंवा फॅट३२ मध्ये ‘मी झोपलेल्या सिस्टिमचा आहे’ असं सांगणारी सोयच नाही. लिनक्स ते निमूटपणे माउंट करेल आणि लिहील. विंडोज उठलं की तेही लिहील. दोन्ही सिस्टिमनी एकच डेटा पार्टिशन वापरायचं असेल तर एकाच बाजूचं हायबरनेशन बंद ठेवून भागत नाही, दोन्ही बाजूंचं बंद ठेवा. निदान लिनक्स हायबरनेट करण्याआधी ते पार्टिशन न चुकता अनमाउंट करा. ‘टार्गेट इज बिझी’ आलं तर ‘एलएसओएफ’ने कोणता प्रोग्राम फाइल धरून बसला आहे ते शोधा आणि बंद करा. हे काम सिस्टिमडीच्या सिस्टिम-स्लीप फोल्डरमधल्या स्क्रिप्टवर सोपवता येतं. तिला झोपेआधी ‘प्री’ आणि उठल्यावर ‘पोस्ट’ असा शब्द मिळतो. मात्र स्क्रिप्ट फसली तरी हायबरनेशन थांबत नाही, तेव्हा तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका. एफस्टॅबमध्ये (काय माउंट करायचं याची लिनक्समधली यादी) दुसऱ्या सिस्टिमच्या पार्टिशनला ‘नोऑटो’ लावून ठेवा, म्हणजे बूट होताना ते आपोआप उघडणार नाही.

दोन लिनक्स वितरणं असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र स्वॅप द्या आणि होम पार्टिशन सामायिक ठेवू नका. व्हर्च्युअल मशीनची अवस्था ‘सेव्ह’ करून तिची डिस्क दुसरीकडे माउंट करणं, हेही तेच पाप.

यूएसबी डिस्क हायबरनेशनमध्ये लावून ठेवली, मध्ये काढून दुसऱ्या संगणकावर वापरली आणि परत लावून पहिला संगणक उठवला, तर परिणाम अगदी तोच. उठताना लिनक्स यूएसबी उपकरणाचा उत्पादक क्रमांक, उत्पादन क्रमांक आणि अनुक्रमांक जुळवून पाहतो. जुळले की उपकरण तेच समजून पुढे चालू. आतला मजकूर तो तपासत नाही. मेमरी कार्ड रीडरचं तर आणखी वाईट: रीडर तोच असल्यामुळे आतलं कार्ड बदललं तरी कळत नाही आणि जुन्या कार्डाचा नकाशा नव्या कार्डावर उतरू शकतो. हायबरनेट करण्यापूर्वी बाहेरचं सगळं ‘इजेक्ट’ करा. ही सवय एकदा लागली की बाकी अर्धी काळजी मिटते.

रेझ्युम फसलं तर

संगणक सुरू केला आणि जुन्या खिडक्यांऐवजी नवं लॉगिन दिसलं, तर समजा की इमेज उठली नाही, फाइल सिस्टिम नव्याने माउंट झाली आणि डिस्क बदलली. जुनी इमेज आता विषारी आहे. ती पुढच्या बूटला उठणार नाही, याची खात्री करायची. ‘ब्लकआयडी’ (प्रत्येक पार्टिशनचा प्रकार दाखवणारी आज्ञा) चालवा. स्वॅपचा प्रकार ‘स्वॅप’ दिसला तर खूण पुसली गेली आहे, काळजी नाही. ‘एसडब्ल्यूसस्पेंड’ दिसला तर इमेज अजून जिवंत आहे. अशा वेळी ‘एमकेस्वॅप’ चालवून स्वॅप नव्याने बनवा, पण ‘यू’ या मोठ्या अक्षरातल्या पर्यायाने जुनाच यूयूआयडी द्या. तो बदलला तर एफस्टॅब आणि रेझ्युम पॅरामीटर दोन्हीकडचे पत्ते चुकतील.

कर्नल इमेज वाचायला घेण्यापूर्वीच ती खूण पुसतो, त्यामुळे उठताना मध्येच अडकलं आणि बटण दाबून बंद करावं लागलं, तरी पुढच्या वेळी साधं बूट होतं. धोका असतो तो कर्नलला इमेज सापडतच नाही तेव्हा: रेझ्युमचा पत्ता चुकला, किंवा बूट मेनूत कुणी ‘नोरेझ्युम’ दिलं. लाइव्ह यूएसबीने (पेनड्राइव्हवरून थेट चालणारं लिनक्स) बूट केल्यावरही पहिली आज्ञा ब्लकआयडीच असू द्या. ‘एसडब्ल्यूसस्पेंड’ दिसलं तर त्या डिस्कवर कुणीतरी झोपलेलं आहे.

नुकसान झालंच असेल तर

डिस्क वापरून नंतर जुनी इमेज उठवली, हे उठल्या उठल्या लक्षात आलं, तर पॉवर बटण दाबून धरा आणि संगणक तिथल्या तिथे बंद करा. एरवी असं करू नये, पण इथे व्यवस्थित शट डाउन केलं तर शिळा नकाशा डिस्कवर लिहूनच संगणक बंद होईल. जितकं कमी लिहिलं जाईल तितकं जास्त वाचेल.

मग लाइव्ह यूएसबीने बूट करा आणि पार्टिशन माउंट न करता ‘डीडीरेस्क्यू’ने त्याची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. दुरुस्ती आधी त्या प्रतीवर करायची. ईएक्सटी४ साठी ‘ई२एफएससीके’ आधी ‘एफ’ आणि ‘एन’ पर्यायांसह चालवा. ती काहीही न बदलता फक्त चुका दाखवते. नंतर ‘एन’ काढून खरी दुरुस्ती. मुख्य सुपरब्लॉक (फाइल सिस्टिमची मूळ माहिती असलेला ब्लॉक) वाचता येत नसेल तर ४ केबी ब्लॉकच्या फाइल सिस्टिमवर पर्यायी सुपरब्लॉक सहसा ३२७६८ वर मिळतो, तो ‘बी’ पर्यायाने द्या. नाव हरवलेल्या फायली ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये क्रमांकाच्या नावाने येतात. त्या कशाच्या आहेत ते ‘फाइल’ आज्ञा सांगते.

एक्सएफएसला ‘एक्सएफएस रिपेअर’ आधी ‘एन’सह. मोठ्या ‘एल’चा पर्याय लॉगच पुसतो, तो अगदी शेवटी. बीटीआरएफएसवर या बिघाडाची ठळक खूण म्हणजे ‘पॅरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड’ हा संदेश. तिथे ‘चेक’ला ‘रिपेअर’ पर्याय देण्याची घाई करू नका. आधी ‘आरओ’ आणि ‘रेस्क्यू=ऑल’सह माउंट करून पाहा, नाही जमलं तर ‘बीटीआरएफएस रिस्टोअर’ने फायली दुसऱ्या डिस्कवर उपसून घ्या. त्यानंतर पार्टिशन नव्याने फॉरमॅट करणं हेच बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं.

एनटीएफएस असेल तर काम विंडोजमधूनच करा: ‘चेकडिस्क’ला (टाइप करताना सीएचकेडीएसके) ‘स्लॅश एफ’. एनटीएफएसफिक्स फक्त काही मोजक्या विसंगती सावरून पुढच्या तपासणीची खूण ठेवतं, ते चेकडिस्कची जागा घेत नाही. सापडलेले तुकडे ड्राइव्हच्या मुळाशी ‘फाउंड.०००’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये मिळतील. दुरुस्तीनंतर बॅकअपशी फायली ताडून पाहा. नाव, आकार सगळं बरोबर दिसणाऱ्या फायलीच्या आतही दुसऱ्याच कशाचा मजकूर असू शकतो, म्हणून महत्त्वाच्या फायली एकेक उघडून बघा आणि तोवर जुना बॅकअप नव्या प्रतीने झाकू नका.